नक्षी कुठे असते? गोधडीचा टाका आणि संगणकातली रेघ

गोधडीवरची नक्षी कुठे असते, असे विचारले तर ‘कापडावर’ हे उत्तर लगेच येते. पण तीच नक्षी संगणकात उतरवून यंत्राने दुसऱ्या कापडावर शिवता येऊ लागली की हे उत्तर अपुरे पडते. कापड बदलते, दोरा बदलतो, शिवणारा हातही तो राहत नाही, तरी नक्षी ‘तीच’ म्हटली जाते. मग ‘तीच’ म्हणजे काय, हा प्रश्न उरतो. भारतीय दर्शनांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे, आणि त्यासाठी त्यांनी घेतलेले आवडते उदाहरण तंतू आणि वस्त्र हेच आहे. यंत्रशिवणीच्या नक्षीसाठी सॉफ्टवेअर निवडणाऱ्यालाही याच प्रश्नाला सामोरे जावे लागते. प्रत्येक सॉफ्टवेअर नक्षीतले काहीतरी जपते आणि काहीतरी सोडून देते. त्यातले काय जपायचे, हे ठरल्याशिवाय कोणते घ्यायचे हे ठरत नाही.

महाराष्ट्रात गोधडी, वाकळ, तान्ह्या बाळाचे दुपटे अशा नावांनी ओळखली जाणारी ही वस्तू जुन्या कापडांतून तयार होते. विरलेली लुगडी, धोतरे, सुती साड्या एकावर एक पसरायच्या, वर तुकडे मांडायचे आणि सगळे थर धावदोऱ्याने एकत्र बांधायचे. टाक्यांच्या ओळी बहुधा कडेने सुरू होतात आणि चौकोनामागून चौकोन घेत आत सरकतात. दोन-तीन बायका भोवती बसून शिवत असल्या, तर प्रत्येकीचा टाका वेगळा ओळखू येतो. म्हणजे गोधडीची नक्षी दोन पदरी असते. एक तुकड्यांच्या मांडणीतली, रंगाची. दुसरी टाक्यांच्या ओळींची, जी हात फिरवला तर बोटांना कळते. संगणकात उतरवली जाते ती ही दुसरी.

नवी मुंबईतल्या जुईनगरसारख्या वसाहतीत ‘नक्षी कुठे’ हा प्रश्न जागेच्या रूपाने समोर येतो. सिडकोची स्थापना 1970 साली झाली आणि आगरी-कोळी गावांची भातशेती, मिठागरे असलेल्या पट्ट्यात नवी मुंबई उभी राहिली. सानपाडा आणि नेरुळ यांच्यामधले जुईनगर हा तिचाच भाग. सहा-सात फुटांची गोधडी पसरून चौघींनी भोवती बसायचे, तर पडवी किंवा अंगण लागते. इमारतीतल्या दोन खोल्यांत ते नसते. संगणकावर चालणारे मोठे क्विल्टिंग यंत्र, ज्याला लाँगआर्म म्हणतात, तेही तिथे मावत नाही, कारण त्याची चौकटच साधारण दहा ते बारा फूट लांब असते. अशा घरात मावतो तो लॅपटॉप. म्हणून नक्षी एका ठिकाणी काढायची आणि दुसरीकडे कुणाच्या तरी यंत्रावर शिवायची, अशी विभागणी सहज होते. नक्षी काढणाऱ्याचा हात कापडाला लागतच नाही. अशा वेळी त्या हातातून यंत्रापर्यंत नेमके काय पोहोचते, हे समजून घेणे गरजेचे ठरते.

लाँगआर्म यंत्रावर वरचे कापड, मधला थर आणि अस्तर रुळांवर गुंडाळलेले असतात. एका वेळी त्यांचा थोडाच पट्टा उघडा असतो. शिवणयंत्राचे डोके रुळांवरून पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकते. संगणकीय यंत्रात ही हालचाल मोटरी करतात आणि कुठून कुठे जायचे ते फाइल सांगते. या फाइलीत बहुधा टाके नसतात. तिच्यात एक वाट असते: कुठे सुरुवात, कुठल्या वळणाने पुढे, कुठे शेवट. टाक्याची लांबी यंत्रावर वेगळी ठरवली जाते. इंचाला दहा ते बारा टाके हे नेहमीचे प्रमाण. सुई मध्येच उचलून दुसरीकडे न्यायची म्हणजे दोरा तोडणे, गाठ मारणे, पुन्हा सुरू करणे आले. म्हणून शक्य तेवढी सगळी नक्षी एका अखंड रेघेत बसवणे हे या कामातले मुख्य कौशल्य आहे.

अखंड रेघ केव्हा शक्य असते, याचे गणित लिओनार्ड ऑयलर याने अठराव्या शतकात क्योनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांच्या कोड्यावरून मांडले. ज्या बिंदूत विषम संख्येने रेघा मिळतात असे बिंदू एकही नसतील किंवा फक्त दोन असतील, तरच आकृती हात न उचलता आणि कोणतीही रेघ पुन्हा न गिरवता काढता येते. जुईनगर स्थानक हे अशाच विषम बिंदूचे उदाहरण आहे. तिथे सानपाड्याकडून, तुर्भ्याकडून आणि नेरुळकडून येणारे तीन मार्ग जुळतात. प्रत्येक मार्गावरून एकदाच जायचे ठरवले तर प्रवास जुईनगरला सुरू तरी करावा लागतो किंवा तिथे संपवावा तरी लागतो; मधले स्थानक म्हणून ते पुरे पडत नाही. स्वस्तिकाचेही तसेच. त्याच्या मध्यबिंदूत चार रेघा मिळतात, पण चार हातांची चार टोके मोकळी राहतात. विषम बिंदू चार झाले. त्यामुळे एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला संपवले, तरी उरलेल्या दोन हातांवरून सुईला जाऊन परत यावेच लागते. त्या दोन हातांवर टाके दुहेरी पडतात आणि रेघ जाड दिसते.

इथून पहिला महत्त्वाचा भेद लक्षात येतो. स्वस्तिकाचे चित्र पाहणाऱ्याला चारही हात सारखे दिसतात. त्याची वाट आखणाऱ्याला मात्र कोणते दोन हात दुहेरी करायचे, हे ठरवावे लागते. चित्रात जी निवड दिसतच नाही, ती वाटेत करावीच लागते. म्हणून चित्र आणि वाट या एकाच गोष्टीच्या दोन नोंदी नाहीत.

दर्शनांकडे वळण्याचे कारण हेच. न्याय-वैशेषिक परंपरेत वस्त्राची तीन कारणे सांगितली जातात आणि अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहापासून शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती पाठ असतात. तंतू हे समवायी कारण, तंतूंचा परस्परांशी संयोग हे असमवायी कारण, आणि धोटा, माग, कोष्टी ही निमित्त कारणे. या मताने वस्त्र हे तंतूंचा नुसता ढीग नसते. ते तंतूंत राहणारे, पण तंतूंहून वेगळे असे एक नवे द्रव्य असते. त्याला अवयवी म्हणतात. शिवणीला हे लावून पाहता येते. दोरा आणि कापड समवायी, त्यांचा विशिष्ट रीतीने झालेला संयोग असमवायी, आणि सुई, हात, यंत्र, सॉफ्टवेअर ही निमित्ते. पण संयोग हा गुण आहे आणि गुण द्रव्याला सोडून राहू शकत नाही. गोधडीतला दोऱ्याचा संयोग काढून फाइलीत ठेवता येणार नाही. फाइलीत येते ते त्या संयोगाचे ज्ञान, आणि ज्ञान हे पुढच्या गोधडीचे निमित्त ठरते. म्हणजे फाइल ही नक्षी नव्हे, दुसऱ्या नक्षीच्या जन्माचे एक कारण आहे. जुनी गोधडी ‘संगणकात जपून ठेवली’ असे म्हणताना हा फरक विसरला जातो आणि मूळ गोधडी फाटली तरी चालेल, अशी चुकीची निश्चिंती येते.

बौद्ध विचारवंतांनी अवयवी नाकारला. त्यांच्या मते रथ म्हणजे चाके, आस आणि दांडी यांच्या समुदायाला दिलेले नाव. त्याहून वेगळा रथ कुठे सापडत नाही. भरतकामाच्या यंत्रांची फाइल जवळपास याच मताने बनलेली आहे. जपानी ताजिमा कंपनीच्या यंत्रांमुळे रूढ झालेल्या डीएसटी फाइलीत वळणे नसतात. सुईने दर टाक्याला किती मिलिमीटर सरकायचे, कुठे उडी घ्यायची, एवढीच रांग असते. पाकळी, वेल असे काही त्या फाइलीला माहीत नसते. ते पाहणाऱ्याने दिलेले नाव. याचा परिणाम कामात दिसतो. अशी नक्षी दुप्पट मोठी केली की टाके तेवढेच राहतात आणि प्रत्येक टाका लांबून ढिला पडतो. वाट साठवणाऱ्या फाइलीत असे होत नाही. तिथे वळण ही एकसंध गोष्ट असते, ते मोठे केले तरी वळणच राहते आणि टाके त्यावर नव्याने मोजून पडतात. भरतकामाचे महागडे सॉफ्टवेअर क्विल्टिंगला पुष्कळदा गैरसोयीचे ठरते, त्याचे मूळ इथे आहे. ते वाईट असते असे नाही. नक्षी म्हणजे काय, याविषयी त्याचे उत्तर वेगळे असते.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात कार्य आणि कारण यांचे अभिन्नत्व सांगताना वस्त्राचाच दृष्टान्त येतो, आणि शंकराचार्यांनी तो उलगडून दाखवला आहे. गुंडाळलेले वस्त्र केवढे, कसले, ते नीट कळत नाही. पसरले की कळते. पण पसरलेले वस्त्र दुसरे नसते. मराठी घरात वळकटी सोडून गोधडी अंथरली जाते तेव्हा हेच घडते. वाट साठवणारी फाइल ही एका अर्थाने वळकटी आहे, टाके तिच्यात अव्यक्त असतात. तरी दृष्टान्त एका ठिकाणी थांबतो. वळकटीत अख्खी गोधडी असते, फाइलीत दोरा आणि कापड यांतले काहीही नसते. ते बाहेरून यावे लागते, आणि मऊ जुन्या लुगड्यावर जी वाट सुंदर दिसते ती जाड नव्या कापडावर आखडते.

या कामाला सर्वांत जवळचा विचार मीमांसेत आहे. मीमांसा वेदवाक्याकडे मुख्यतः विधी म्हणून पाहते. वस्तू कशी आहे हे सांगणाऱ्या वाक्यापेक्षा काय करावे हे सांगणारे वाक्य तिच्या लेखी प्रधान असते. तिने प्रयोगविधी नावाचा स्वतंत्र प्रकार मानला आणि कर्मांचा क्रम कसा ठरवायचा यासाठी श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती अशी सहा प्रमाणे सांगितली. त्यांतला अर्थक्रमाचा नियम विशेष उद्बोधक आहे. वाक्यात होम आधी आणि कण्हेरीसारखी पेज शिजवणे नंतर आले असले, तरी आहुतीसाठी पेज लागते म्हणून शिजवणे आधी करायचे. लिहिलेल्या क्रमापेक्षा कामाच्या गरजेचा क्रम बलवान. नक्षी संगणकात उतरवताना हा नियम पावलोपावली लागतो. हाताने रेखाटताना फूल आधी काढले आणि देठ नंतर, तरी शिवताना सुई देठावरून चढून फुलाला वळसा घालून पुन्हा देठानेच उतरणार असते. रेखाटण्याचा क्रम हा पाठक्रम. शिवण्याचा क्रम हा अर्थक्रम. चित्र नक्षी कशी आहे ते सांगते. क्विल्टिंगची फाइल काय करावे ते सांगते. ती विधी आहे.

धर्माचारात वाटेचे हे महत्त्व सगळ्यांच्या ओळखीचे आहे. देवाला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतात. उलट फिरले तरी पावले त्याच जमिनीवर पडतात, पण ती प्रदक्षिणा होत नाही. शंकराच्या देवळात अभिषेकाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ ओलांडायची नसते. म्हणून भाविक तिच्यापर्यंत जातो, मागे फिरतो, दुसऱ्या बाजूने पुन्हा तिच्यापर्यंत येतो आणि परततो. ही सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणजे तीच वाट दुसऱ्यांदा चालणे. तिथे परत फिरणे ही चूक नसून विधीचा भाग आहे. शिवणीतही दुहेरी रेघ हा आपोआप दोष ठरत नाही. देठावर ती शोभते, पाकळीच्या कडेवर खटकते. परत कुठून फिरायचे, याचा निर्णय माणसाकडे राहिला पाहिजे.

बौद्ध भिक्षूंच्या चीवराची कथा याच विषयाची दुसरी बाजू दाखवते. विनयपिटकाच्या महावग्गात असे येते की मगधातली बांधांनी आखलेली भातशेते पाहून बुद्धांनी आनंदाला तशीच चीवरे करता येतील का, असे विचारले. आनंदाने कापडाचे तुकडे जोडून ती तयार केली आणि तीच रचना संघाची झाली. शेताचे चित्र कापडावर काढले गेले नाही. कापड कसे कापावे, कसे जोडावे याचा नियम घालून दिला गेला, आणि तो ज्याच्या हाती आला त्याला चीवर शिवता आले. तुकडे केल्याने कापडाचे बाजारमोलही उतरले आणि आसक्तीचे कारण कमी झाले. ठिगळांचे वस्त्र पांघरणाऱ्या गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराज म्हणत, त्यामागेही हीच जाण होती. नियमाच्या रूपाने नक्षी पुढे जाते आणि शिवणाऱ्याला मोकळीक राहते, हे या कथेतून शिकण्यासारखे आहे.

मग यंत्रावर शिवलेल्या गोधडीचा कर्ता कोण? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, वेगवेगळ्या चेष्टा आणि दैव. ज्ञानेश्वरीत, म्हणजे शके 1212 मध्ये, हा विचार मराठीत आला. या विभागणीने पाहिले तर वाद पुष्कळ निवळतो. कापड आणि चौकट हे अधिष्ठान. यंत्र, सुई आणि सॉफ्टवेअर ही करणे. मोटरींची हालचाल ही चेष्टा. दोरा मध्येच तुटणे किंवा न तुटणे हे दैव. कर्ता मात्र तो, जो निवडतो. हत्यार आणि कर्ता यांतला हा फरक संत नामदेवांच्या पदातही दिसतो. नामदेव शिंपी कुळातले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत, आणि त्यांतल्या एकात मन हाच गज आणि जीभ हीच कात्री होते. तिथे शिंप्याची हत्यारे अंतःकरणात गेली, तरी मापणारा आणि कापणारा हरवला नाही. सॉफ्टवेअर हत्यार राहिले तर तेही असेच राहते. निवड त्याच्याकडे सोपवली, तर कर्त्याची जागा रिकामी पडते.

या विवेचनातून सॉफ्टवेअर निवडीच्या कसोट्या निघतात. पहिली कसोटी: वाट माणसाला आखता आली पाहिजे. जुन्या गोधडीचा फोटो खाली ठेवून त्यावर वळणे काढता यावीत, रेघेच्या तुकड्यांचा क्रम आणि दिशा बदलता यावी, आरंभ आणि शेवट हवा तिथे ठेवता यावा, आणि शिवण कशी पुढे जाईल ते पडद्यावर चालवून पाहता यावे. फोटोवरून आपोआप रेघ काढण्याच्या सोयीवर विसंबू नये. ती सोय बहुधा रेघेला रेघ न समजता जाड आकार समजते आणि तिच्या दोन्ही कडा काढते. एका टाक्याच्या ओळीच्या जागी दोन ओळी येतात आणि क्रम तर हाती लागतच नाही. बिंदूही गरजेपेक्षा फार पडतात, त्यामुळे यंत्र अडखळत चालते.

दुसरी कसोटी: नक्षी कोणत्याही एका यंत्राच्या दावणीला बांधली जाऊ नये. गॅमिलचे स्टॅटलर क्यूएलआय फाइल वापरते, इंटेलिक्विल्टर आयक्यूपी, हँडी क्विल्टरचे प्रो-स्टिचर एचक्यूएफ, इनोव्हाचे ऑटोपायलट पॅट. जुईनगरला नक्षी काढून दुसरीकडे शिवून घेणाऱ्याला समोरचे यंत्र कोणते असेल ते आधी माहीत नसते. त्यामुळे आर्ट अँड स्टिचसारखे अनेक प्रकारच्या फाइली देणारे सॉफ्टवेअर त्याच्या उपयोगी पडते. इंकस्केप मोफत मिळते, 2003 पासून चालू आहे आणि एसव्हीजी या खुल्या स्वरूपात काम करते. ते क्विल्टिंगसाठी बनलेले नाही, त्यामुळे क्रमाची आणि अखंडपणाची काळजी स्वतः घ्यावी लागते आणि शेवटी यंत्राला चालणाऱ्या फाइलीत रूपांतर करावे लागते. पण वळणे काढण्याचा सराव त्यावर उत्तम होतो. दरवर्षी पैसे भरावे लागणारे सॉफ्टवेअर घेताना, पैसे थांबले तर आपल्याच फाइली उघडतील का, हे आधी विचारावे. नक्षीची मूळ प्रत नेहमी खुल्या स्वरूपात वेगळी ठेवावी.

तिसरी कसोटी अस्तेयाची आहे. पतंजलींच्या यमांत आणि गांधीजींच्या एकादश व्रतांत चोरी न करणे आहे. कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर वापरणे ही उघड चोरी. दुसऱ्याने काढलेली विकाऊ फाइल थोडी फिरवून आपली म्हणणे हीही चोरीच. परंपरागत नक्षी कुणा एकाची मालमत्ता नसते, म्हणून ती उतरवण्यात अपराध नाही. पण जिच्या गोधडीवरून ती घेतली तिची परवानगी आणि तिचे ऋण राहतेच. विशेषतः तिचा टाका विकून कुणी पैसे मिळवणार असेल, तर तो वाटा तिच्यापर्यंत गेला पाहिजे.

चौथी कसोटी काय उतरवू नये, याची आहे. हातच्या टाक्यातली असमानता वाटेत येत नाही. एक टाका लांब, एक आखूड, मध्येच थोडी वाकडी झालेली ओळ यांत उजेड कमी झाल्याची, बोट दुखल्याची, बोलता बोलता हात थांबल्याची खूण असते. ती त्या दिवसाची असते, नियमाची नसते. संगणकात रेघ मुद्दाम थोडी वाकडी करता येते, पण ते हाताचे सोंग होते. विधी पुन्हा करता येतो, केलेले कर्म पुन्हा करता येत नाही. फाइलीने वाट घ्यावी आणि हात गोधडीतच राहू द्यावा. म्हणून उतरवलेल्या गोधडीची काळजी घेणे हा या कामाचाच भाग मानावा.

कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी एक लहानशी परीक्षा घ्यावी. स्वस्तिक, कैरी आणि कडेपासून आत जाणारी चौकोनी ओळ अशा तीन नक्षी त्याच्या चाचणी आवृत्तीत काढाव्यात आणि जुन्या साडीच्या तीन थरांवर शिवून घ्याव्यात. स्वस्तिकात दुहेरी हात आपल्याला हवे तेच झाले का, कैरी मोठी केल्यावर वळण तसेच राहिले का, चौकोनी ओळ मध्यावर दोरा न तुटता पोहोचली का, हे कापडावर बोट फिरवून पाहावे. तिन्ही जमले तर फाइलीला नाव देताना ‘नक्षी एक’, ‘नक्षी दोन’ असे लिहू नये. कोणत्या गावच्या, कुणाच्या गोधडीवरून घेतली, कधी घेतली आणि कोणती रेघ दुहेरी ठेवली, एवढे तिच्यासोबत नोंदवून ठेवावे.